चोर सोडून सेन्सरला सुळी

थंडीची चाहूल लागली की गॅस गिझर असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. अंगावर दोन तांबे घेतले नाहीत तोच गिझर विझतो, थोड्या वेळाने आपणहून पेटतो, नाहीतर पडद्यावर भलताच आकडा दाखवतो. मेकॅनिक येतो, झाकण उघडतो आणि निकाल देतो, ‘सेन्सर गेलाय.’ मग तो दोन पर्याय पुढे ठेवतो : नवा सेन्सर टाका, नाहीतर ‘डायरेक्ट’ करून घ्या. यातले काय निवडावे, असा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. त्याचे थोडक्यात उत्तर असे की सेन्सर बदलण्याची घाई करू नका आणि ‘डायरेक्ट’ तर कधीच करू नका. तापमानाचा सेन्सर पुष्कळदा बिघाडाची फक्त वर्दी देत असतो. बिघाड असतो दुसरीकडे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला पडेगाव, मिटमिटा अशा वसाहतींत तो पाण्यातच असण्याची शक्यता मोठी आहे. हे कशावरून म्हणायचे आणि घरच्या घरी कसे पडताळायचे, ते क्रमाने पाहू.

‘सेन्सर’ नेमका कोणता?

गोंधळाची सुरुवात या एका शब्दापासून होते. गॅस गिझरमध्ये ‘सेन्सर’ म्हणवले जाणारे किमान तीन वेगळे भाग असतात. त्यांची कामे वेगळी, बिघडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. म्हणून मेकॅनिकने ‘सेन्सर’ म्हटले की तुम्ही पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कोणता?’ हाच.

- तापमानाचा सेन्सर. गरम पाण्याच्या नळीत किंवा नळीवर बसवलेला, दोन बारीक तारांचा छोटा थर्मिस्टर. पडद्यावरचा आकडा याच्यामुळे दिसतो. साध्या गिझरमध्ये याचे काम बहुधा आकडा दाखवण्यापुरतेच असते. पंख्याच्या, तापमान आपोआप राखणाऱ्या गिझरमध्ये मात्र याच्याच सांगण्यावरून गॅस कमी-जास्त होतो.
- अतितापमानाचा कट-ऑफ. तांब्याच्या कॉइलजवळ स्क्रूने बसवलेली नाण्याएवढी चकती. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की ही चकती सर्किट तोडते आणि गॅस बंद होतो. निवल्यावर ती पुन्हा जोडली जाते.
- ज्योतीचा सेन्सर. बर्नरवर आलेली धातूची सळई. ज्योत खरोखर पेटली आहे ना, हे ती कंट्रोल बॉक्सला कळवते. तिला तापमानाशी काही देणेघेणे नाही.

पडेगावचे पाणी आणि गिझरचे गणित

साध्या गॅस गिझरवर ‘६ लिटर’ असे लिहिलेले असते. त्याचा सर्वसाधारण अर्थ असा, की मिनिटाला ६ लिटर पाणी वाहत असेल तर ते २५ अंशांनी गरम होईल. म्हणजे पूर्ण ज्योतीवर हे यंत्र मिनिटाला ६ गुणिले २५, अर्थात १५० किलोकॅलरी एवढी उष्णता पाण्यात ओतते. पाणी कमी वाहिले म्हणून ज्योत आपोआप तेवढीच लहान होईल, याची साध्या गिझरमध्ये खात्री नसते. तेव्हा पाणी मिनिटाला ३ लिटरच आले तर तीच उष्णता निम्म्या पाण्यात जाते आणि ते ५० अंशांनी तापते. हिवाळ्यातल्या सकाळी टाकीत पाणी १८ अंशांचे धरले, तर पूर्ण धारेला ते ४३ अंशांवर येते. हे स्नानाला योग्य. अर्ध्या धारेला तेच ६८ अंशांवर जाते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी ३५ अंशांचे असेल, तर अर्ध्या धारेला हिशेब ८५ वर पोहोचतो. कट-ऑफ अशाच वेळी तुटण्यासाठी बसवलेला असतो. तो तुटला, म्हणजे त्याने आपले काम केले. त्याला ‘गेलेला’ ठरवायला आधार नाही.

धार कमी का होते, याची कारणे इथल्या पाणीपुरवठ्यात सापडतात. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते, पण ते नळाला रोज येत नाही. मधल्या दिवसांची सोय गच्चीवरची टाकी, बोअर आणि टँकर यांवर असते. टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दर मीटर उंचीमागे जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. बैठ्या घरात स्लॅबवरच टाकी असेल, तर शॉवरच्या तोंडापासून पाण्याची पातळी दीड-दोन मीटरच वर असते. म्हणजे दाब ०.१५ ते ०.२ बार. गिझरच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो; तो या आकड्याशी ताडून पाहा. त्यात टँकरचे पाणी टाकीत पडताना तळाचा गाळ ढवळला जातो आणि गिझरच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत जाऊन बसतो. आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक होते.

दुसरे कारण क्षारांचे. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारे बोअरचे पाणी सहसा जड असते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा ६०० पर्यंत चालवून घेते. जड पाणी तापले की त्यातला चुना बाहेर पडतो आणि नळीच्या आत पांढरा थर धरतो. पाणी जितके जास्त तापेल तितका थर लवकर धरतो. या थराचे परिणाम तीन. नळीचे तोंड अरुंद होऊन धार घटते. तांब्याची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून कॉइल अधिक तापते आणि कट-ऑफ लवकर तुटतो. आणि पाण्यात बुडालेल्या थर्मिस्टरवर थर बसला, तर तो खरे तापमान उशिरा किंवा कमी दाखवतो. म्हणजे सेन्सर जिथे खरोखर चुकतो, तिथेही मूळ बहुधा पाण्यातच असते. बोअरच्या पाण्याची कठीणता मोजून घ्यायची असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो.

मेकॅनिकला बोलावण्याआधी

पुढच्या तपासण्यांसाठी झाकण उघडावे लागत नाही. क्रम मात्र पाळा. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीतली एकेक शंका काढून टाकते.

1. सेल बदला. बहुतेक साध्या गिझरना दोन मोठे सेल लागतात. उतरलेल्या सेलवर ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह धरून ठेवण्याइतका जोर राहत नाही आणि ज्योत पेटून विझते. जुना-नवा सेल मिसळून टाकू नका.
2. बादली आणि घड्याळ घ्या. गिझरचा गॅस बंद ठेवून गरम पाण्याच्या नळाखाली १० लिटरची बादली लावा. १०० सेकंदांत भरली तर धार मिनिटाला ६ लिटर. २०० सेकंद लागले तर ३ लिटर. हा आकडा लिहून ठेवा, मेकॅनिकशी बोलताना तो उपयोगी पडेल.
3. जाळी आणि शॉवर साफ करा. गिझरकडे येणारा कॉक बंद करून थंड पाण्याच्या जोडणीतली जाळी काढा, ब्रशने धुवा. शॉवरची चाळणी लिंबूसताच्या पाण्यात भिजत घाला. मग बादली पुन्हा लावा. धार वाढली आणि गिझर विझायचा थांबला, तर बिघाड सापडला.
4. गॅस पाहा. सिलिंडर संपत आला आहे का, थंडीत त्यावर दव धरते का, नळी मुडपली आहे का, हे तपासा. रेग्युलेटर घरगुतीच हवा. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर कधीही लावू नका.
5. बटणे फिरवून पाहा. गॅसचे बटण कमी करा किंवा ‘उन्हाळा’ खुणेवर आणा. एवढ्याने गिझर अखंड चालू लागला, तर कट-ऑफ ठीक आहे आणि उष्णताच धारेच्या मानाने जास्त होती, हे सिद्ध झाले.
6. आकडा पडताळा. स्वयंपाकाचा तापमापक मगातल्या वाहत्या पाण्यात धरा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची मर्यादा ४२ अंशांच्या आसपास संपते. पडद्यावरच्या आकड्यात आणि तापमापकात दोन-तीन अंशांचा फरक असेल, तर तो सोडून द्या.

लक्षण आणि संशय

- ठिणगीच पडत नाही : सेल, पाण्याचा दाब, पाण्याच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा किंवा मायक्रोस्विच. शेवटी कट-ऑफ.
- ठिणगी पडते, ज्योत नाही : गॅस, रेग्युलेटर किंवा गॅसचा व्हॉल्व्ह.
- ज्योत पेटून काही सेकंदांत विझते : सेल किंवा ज्योतीच्या सेन्सरवरची काजळी.
- काही मिनिटांनी विझतो, निवल्यावर पेटतो : कमी धार, कॉइलमधले क्षार, जास्त गॅस. अनेक गिझर सलग २० मिनिटांनी आपणहून बंद होतात. तो बिघाड नव्हे.
- आकडा हलतच नाही, रेघा दिसतात किंवा थंड पाण्यालाही मोठा आकडा येतो : इथे मात्र तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या तारेवर पहिला संशय.

सेन्सरची खरी परीक्षा

शेवटच्या लक्षणापर्यंत पोहोचलात तर सेन्सर तपासणे रास्त ठरते, आणि ती तपासणी अंदाजाने होत नाही. थर्मिस्टरचा गुणधर्म असा, की तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. एका प्रचलित प्रकारात २५ अंशांना हा रोध १० किलोओहम असतो, ४० अंशांना सुमारे ५.३, ५० अंशांना सुमारे ३.६ आणि ६० अंशांना सुमारे २.५. काही गिझरमध्ये ५० किलोओहमचाही थर्मिस्टर असतो, म्हणून अंतिम तक्ता तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला. गॅस आणि पाणी बंद करून, सेल काढून, मेकॅनिकला सेन्सरची जोडणी सोडवायला सांगा आणि मल्टिमीटरवर आकडा दाखवायला सांगा. मग सेन्सर गार पाण्यात आणि कोमट पाण्यात बुडवून दोन्ही आकडे पाहा. आकडा सावकाश, सलग उतरत गेला तर सेन्सर जिवंत आहे. दोष जोडणीच्या गंजात, ढिल्या पिनेत किंवा कंट्रोल बॉक्समध्ये शोधावा लागेल. आकडा अनंत आला तर तार तुटली आहे, शून्याजवळ आला तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी सेन्सर बदलायलाच हवा, आणि तो त्याच मूल्याचा हवा. दिसायला सारखा म्हणून ५० च्या जागी १० चा बसवला, तर पडदा धडधडीत खोटे सांगत राहील. कट-ऑफची परीक्षा त्याहून सोपी : थंड असताना त्यातून वीज गेली पाहिजे. थंड असूनही जात नसेल, तर तो खरेच गेला आहे. मल्टिमीटर न लावता ‘सेन्सर गेलाय’ म्हणणे हे अनुमान आहे, आणि अनुमानाचे पैसे तुम्ही देऊ नयेत.

‘डायरेक्ट’ करण्याचे समर्थन का टिकत नाही

‘डायरेक्ट’ करणे म्हणजे कट-ऑफच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडणे, किंवा थर्मिस्टरच्या जागी ठरावीक मूल्याचा रेझिस्टर डकवणे. पहिल्यात गिझरला ‘सगळे ठीक आहे’ असे कायमचे सांगितले जाते. दुसऱ्यात पाणी कितीही तापले तरी ‘४० अंशच आहे’ असे सांगितले जाते. याच्या बाजूने तीन मुद्दे नेहमी मांडले जातात. पहिला, की गिझर लगेच चालू होतो. होतो, हे खरेच. पण ज्या कारणाने तो बंद पडत होता ते कारण तसेच राहते आणि आता त्याची खबर देणारे कोणी उरत नाही. वर केलेला हिशेब आठवा : अर्ध्या धारेला उन्हाळ्यात ८५ अंश. अशा पाण्याने त्वचा क्षणात भाजते आणि लहान मुलांना, वृद्धांना बाजूला होण्याइतकाही अवधी मिळत नाही. दुसरा मुद्दा, की शेजाऱ्यांनी असे करून वर्ष झाले, काही झाले नाही. सुरक्षेच्या भागाचे मोल सगळे ठीक चालते त्या दिवसांवरून ठरत नाही. टाकी रिकामी होत आली, धार तुटक झाली आणि आत कोणीतरी आंघोळ करत आहे, त्या एका दिवसासाठी तो बसवलेला असतो. पाणी दिवसाआड नव्हे तर आणखी अंतराने येणाऱ्या वस्तीत तो दिवस दूर नसतो.

तिसरा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. सेन्सर स्वस्त असतो, मग मल्टिमीटरच्या भानगडीत न पडता आधी तोच बदलून का पाहू नये? वरवर पटणारे हे म्हणणे दोन ठिकाणी कोसळते. क्षारांचा थर काढला नाही तर नवा सेन्सर त्याच पाण्यात, त्याच वेगाने थर धरतो, म्हणजे तोच खर्च पुढच्या हिवाळ्यात पुन्हा. आणि वॉरंटीच्या काळात बाहेरच्या मेकॅनिकने सुटा भाग बसवला, तर कंपनी पुढचा दावा नाकारू शकते. बादली आणि घड्याळ यांना काहीच खर्च येत नाही. म्हणून सेन्सरला हात लावण्याआधी ती तपासणी व्हावी.

सेन्सर ज्यापासून वाचवू शकत नाही

‘गिझरला सेन्सर आहे, म्हणजे धोका नाही’ हा समज याहून घातक आहे. तापमानाच्या सेन्सरला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला किंवा कॉइलच्या पट्ट्यांत काजळी भरली की तो तयार होतो. काही मॉडेलमध्ये प्राणवायू घटल्यावर गिझर बंद करणारी वेगळी सोय असते, पण तिच्या भरवशावर हवेचा मार्ग बंद करू नये.

- गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवा.
- ज्योत निळी हवी. पिवळी, धुरकट दिसली तर वापर थांबवून सफाई करून घ्या.
- आंघोळीत डोके दुखले, गरगरले, मळमळले तर तत्काळ बाहेर या, गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.
- गॅसचा वास आला तर बटणे, काडी, गिझर कशालाही हात लावू नका. सिलिंडर बंद करून बाहेर या आणि १९०६ वर कळवा.

दुरुस्ती, सफाई की नवा गिझर?

तपासणीतून क्षार निघाले, तर कॉइलची सफाई हाच पहिला उपाय. ती लिंबूसताच्या सौम्य द्रावणाने होते. कॉइल सोडवून द्रावण आत मुरू द्यायचे आणि नंतर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचे. फरशी धुण्याचे ॲसिड वापरू देऊ नका, ते तांबे खाते आणि पुढे कॉइल गळू लागते. सफाईनंतर गॅस कमी ठेवून पाणी बेताचेच गरम करा. थंड पाणी मिसळावे लागेल इतके तापवणे म्हणजे गॅसही जास्त आणि थरही जास्त. धार मुळातच अपुरी असेल, तर टाकी उंचावर घेणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे हे सेन्सर बदलत राहण्यापेक्षा शहाणपणाचे. कॉइल गळत असेल किंवा पट्ट्या जळाल्या असतील, तर नवा गिझर घ्या. गॅस गिझरवर आयएसआय खूण आणि आयएस १५५५८ हा मानक क्रमांक पाहा. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. विजेचा इन्स्टंट गिझर असेल, तर हाच तर्क लागू : कट-ऑफ पुन्हा पुन्हा तुटत असेल तर आधी कॉइलवरचा थर आणि थर्मोस्टॅट पाहा. मात्र एमसीबी बंद केल्याशिवाय त्याचे झाकण कोणी उघडू नये.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

वॉरंटी असेल तर पहिला फोन कंपनीच्या सेवा केंद्राला. पडद्यावरचा आकडा, विझण्याची वेळ आणि बादलीची नोंद यांचे छायाचित्र किंवा व्हिडिओ जवळ ठेवा. अनेक वॉरंटीपत्रांत क्षारांमुळे झालेला बिघाड वगळलेला असतो, म्हणून खरेदीआधीच ते कलम वाचा. दुरुस्तीच्या वेळी पुढील गोष्टी मागा :

- दोष कोणता आणि कोणत्या तपासणीवरून ठरवला, याची लेखी नोंद.
- खर्चाचा अंदाज आणि बदललेला जुना भाग.
- बिल. विक्री किंवा सेवेनंतर बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले आहे. सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती तिथे मिळते. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तो करता येतो, दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. सदोष वस्तूमुळे भाजणे किंवा इतर इजा झाली, तर त्याच कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार उत्पादक आणि विक्रेत्याकडे भरपाई मागता येते. मात्र तुमच्या संमतीने गिझर ‘डायरेक्ट’ केलेला असेल, तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

तेव्हा या हिवाळ्यात गिझर विझला तर आधी सेल बदला, मग बादली लावा, जाळी धुवा, गॅस पाहा, आणि त्यानंतरच मल्टिमीटर मागवा. त्यातही सेन्सर दोषी ठरला, तर त्याच मूल्याचा नवा बसवा. तारा पिळून जोडायला निघालेल्या मेकॅनिकला मात्र दारातूनच परत पाठवा.